अपघात झाला नाही, मग गुन्हा कसला?

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. त्याच्या ऑफिसातल्या एका मराठी मुलाला मागच्या महिन्यात वाढदिवसाच्या पार्टीहून परतताना पोलिसांनी अडवलं. तीन पेग झाले होते, पण कुणाला धक्का लागला नाही, गाडीवर ओरखडासुद्धा नाही. तरी त्याला रस्त्यावर सरळ रेषेत चालायला लावलं, बेड्या घातल्या, रात्रभर कोठडीत ठेवलं. आता म्हणे दहा वर्षं हे प्रकरण त्याची पाठ सोडणार नाही. आपल्याकडे दंड भरला की माणूस सुटतो. अपघातच झाला नाही तर एवढी शिक्षा कशाची? तो गाडीतच झोपला असता तर वाचला असता का? माझा पुतण्या न्यू जर्सीत आहे, तिथेही हेच नियम आहेत का? आणि या मुलाच्या व्हिसाचं काय होईल?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ‘अपघातच झाला नाही तर’ हे तुमचं म्हणणं आधी घेतो, कारण खरा प्रश्न तोच आहे. कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडमधलं कलम २३१५२ अपघाताचा विचारच करत नाही. त्यात मुख्य गुन्हे दोन. एक, दारूच्या अमलाखाली गाडी चालवणं. दुसरा, रक्तात ०.०८ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवणं. या दुसऱ्या गुन्ह्यात माणूस झिंगलेला दिसत होता का, गाडी वाकडीतिकडी जात होती का, हे सिद्ध करावं लागत नाही. आकडा आला की पुरे. पहिल्याला आकड्याची गरज नाही. तपासणीत ०.०६ आला आणि गाडी लेन सोडून भरकटत होती, तर तेवढ्यावरही खटला उभा राहतो. सरकारी वकील बहुधा दोन्ही आरोप एकदमच ठेवतात. तिकडे या सगळ्याला ‘डीयूआय’ म्हणतात. कुणी जखमी झालं असतं तर २३१५३ हे याहून कडक कलम लागलं असतं. त्या मुलाच्या हातून कुणाला इजा झाली नाही याचा फायदा त्याला मिळाला तो एवढाच, आणि तो लहान नाही.

तीन पेगना ‘तीनच’ म्हणताना जरा हिशेब करू. अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्कीच्या भाषेत साधारण ४५ मिलिलिटर. आपला लार्ज पेग ६० मिलिलिटरचा, म्हणून तीन लार्ज हे त्यांच्या मोजणीत चार ड्रिंक्स होतात. ७० किलो वजनाच्या पुरुषाने दोन तासांत तीन लार्ज घेतले, तर रक्तातलं प्रमाण ०.१०च्या आसपास जाऊ शकतं. ५५ किलो वजनाची बाई दोन लार्जमध्येच तिथे पोचू शकते. हा ढोबळ अंदाज आहे, खाणं, वय, प्रकृती यांनी तो बदलतो. चढलेलं अल्कोहोल तासाला साधारण ०.०१५ने उतरतं. कॉफी, लिंबूपाणी, ताक, गार पाण्याची अंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. ‘मला काही चढलेली नाही’ असं म्हणणारा माणूस बहुतेकदा प्रामाणिक असतो. पण चढली आहे की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचं तोच दारूने आधी मंदावतो, आणि म्हणून कायदा त्याच्या प्रामाणिकपणावर विसंबत नाही.

हा कायदा आज कडक आहे, तो कायम तसा नव्हता. ३ मे १९८० रोजी सॅक्रामेंटोजवळच्या फेअर ओक्स गावात केरी लाइटनर ही तेरा वर्षांची मुलगी रस्त्याच्या कडेने चालली होती. मागून आलेल्या गाडीने तिला उडवलं आणि चालक न थांबता निघून गेला. तो दारू प्यायलेला होता, याआधीही याच गुन्ह्यात पकडला गेलेला होता, आणि दोनच दिवसांपूर्वी तशाच एका प्रकरणात जामिनावर सुटला होता. असा माणूस क्वचितच तुरुंगात जातो, हे तिच्या आईला, कँडी लाइटनरला, मुलगी गेल्यावर कळलं. त्याच वर्षी तिने ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हर्स’ ही संघटना काढली. मुलं गमावलेल्या आया फोटो घेऊन विधिमंडळांत जाऊन बसू लागल्या. तोवर अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवणं ही पुरुषांची एक खोड समजली जाई, न्यायाधीशही समजुतीने घेत. त्या आयांनी ते बदललं. १९८४मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि दारू मिळण्याचं वय देशभर २१ झालं. कॅलिफोर्नियाने १९९०मध्ये मर्यादा ०.०८वर आणली. २००० साली अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्यामुळे बाकीच्या राज्यांनाही ती घ्यावी लागली, कारण न घेतल्यास रस्त्यांचा केंद्रीय निधी कापला जाणार होता. एवढं होऊनही अमेरिकेत दारू प्यायलेल्या चालकांच्या अपघातांत आजही वर्षाला दहा हजारांहून जास्त माणसं मरतात. हे वाचल्यावर ‘एवढी शिक्षा कशाची’ हा प्रश्न मला तरी उलटा विचारावासा वाटतो.

आता त्या रात्रीबद्दल. सरळ रेषेत चालायला लावणं ही पोलिसाची लहर नव्हती. १९७०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातल्याच एका संशोधन संस्थेने केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्यासाठी अभ्यास केला. त्यातून तीन कसोट्या ठरल्या. पेन किंवा बोट डोळ्यांपुढून हलवून बुबुळं थरथरतात का ते पाहणं, टाचेला चवडा लावत नऊ पावलं जाऊन वळून नऊ पावलं परत येणं, आणि एका पायावर उभं राहणं. गुडघे दुखणारा, दमलेला किंवा नुसता घाबरलेला माणूसही यात अडखळतो, म्हणून या कसोट्यांवर मी फार भिस्त ठेवणार नाही. कॅलिफोर्नियात त्या नाकारल्या म्हणून वेगळी शिक्षाही नाही. रस्त्यावर पोलीस जे छोटं यंत्र फुंकायला देतो, तेही २१ वर्षांवरच्या माणसाला नाकारता येतं. अर्थात तो आधीच डीयूआयच्या प्रोबेशनवर नसेल तर.

अटक झाल्यावर मात्र नाही म्हणता येत नाही. राज्यात गाडी चालवायला घेतली म्हणजे कायदेशीर अटकेनंतर तपासणीला संमती दिली, असं कायदा धरून चालतो. श्वासाची की रक्ताची, एवढंच निवडता येतं. श्वासाच्या तपासणीआधी पंधरा मिनिटं माणसावर नजर ठेवावी लागते, कारण ढेकर किंवा उलटी आली तर तोंडातल्या दारूमुळे आकडा खोटा चढतो. २०१६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अटकेनंतर श्वास तपासायला वॉरंट लागत नाही. रक्त सुईने काढायचं असतं, म्हणून त्यासाठी संमती नसेल तर एरवी वॉरंट हवं. तपासणी साफ नाकारली तर पहिल्याच वेळी वर्षभर लायसन्स जातं. गाडी थांबवल्यापासून तीन तासांच्या आत घेतलेल्या तपासणीत ०.०८ आला, तर गाडी चालवतानाही तेवढाच होता असं गृहीत धरता येतं. ते खोडून काढणारा पुरावा आरोपी देऊ शकतो.

इथून पुढे प्रकरणाचे दोन रस्ते होतात आणि आपल्या मुलांची फसगत होते ती इथे. एक रस्ता कोर्टाचा. दुसरा डीएमव्हीचा, म्हणजे तिथल्या आरटीओचा. पोलीस जागेवरच लायसन्स काढून घेतो आणि तीस दिवस चालेल असा गुलाबी कागद हातात देतो. त्या दिवसापासून दहा दिवसांत डीएमव्हीकडे सुनावणी मागावी लागते. नाही मागितली तर कोर्टाने काहीही ठरवायच्या आधी, तीस दिवस संपताच, चार महिन्यांसाठी लायसन्स स्थगित होतं. कोर्टाची तारीख लांबची असते, माणूस तिची वाट पाहत बसतो आणि हे दहा दिवस निघून जातात. घटना मागच्या महिन्यातली आहे असं तुम्ही लिहिता, तेव्हा या मुलाने ती मागणी केली होती की नाही हे त्याला आजच विचारायला सांगा.

कोर्टात पहिला गुन्हा ‘मिस्डिमीनर’ ठरतो, म्हणजे फौजदारीच, पण खालच्या वर्गातला. कायद्यात ९६ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि ३९० ते १,००० डॉलर दंड आहे. हा ३९०चा आकडा फसवा आहे. त्याच्यावर निरनिराळे अधिभार चढतात आणि भरायची रक्कम दीड हजार डॉलरच्या पुढे जाते. पहिल्या वेळी बहुतेकांना तीन ते पाच वर्षांचं प्रोबेशन मिळतं. मग कैद काही दिवसांवर येते आणि बऱ्याच काउंटींमध्ये तिच्याऐवजी समाजसेवेचं काम करता येतं. तीन महिन्यांचा दारूविषयक अभ्यासवर्ग सक्तीचा. आकडा ०.२० किंवा वर असेल तर तो नऊ महिन्यांचा. प्रोबेशनच्या काळात ०.०१ एवढं अल्कोहोल घेऊन गाडी चालवणंही चालत नाही. गाडीत चौदा वर्षांखालचं मूल असेल तर पहिल्याच वेळी ४८ तासांची जादा कैद आहे. पार्टीहून पोरांना मागे बसवून परतणाऱ्या आईबापांनी हे कलम नीट ध्यानात ठेवावं.

शिवाय ‘इंटरलॉक’. २०१९पासून हे यंत्र राज्यभर लागू झालं. ते गाडीच्या इग्निशनला जोडतात. त्यात फुंकर मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही आणि श्वासात दारू सापडली तर होतच नाही. वाटेतही ते मधूनमधून पुन्हा फुंकायला लावतं, म्हणजे सुरुवातीला दुसऱ्या कुणाकडून फुंकून घेऊन भागत नाही. पहिल्या वेळी ते सहा महिने बसवून गाडी चालवत राहण्याची मुभा मिळू शकते, दुसऱ्या वेळी ते वर्षभर सक्तीचं असतं. भाडं ज्याचं त्यानेच भरायचं. तुरुंगापेक्षा मला हा उपाय फार शहाणपणाचा वाटतो. माणूस कामावर जाऊ शकतो, घर चालतं आणि रस्त्यावरची दुसऱ्याची मुलं सुरक्षित राहतात. लायसन्स नुसतं काढून घेणं मात्र सगळ्यांना सारखं लागत नाही. फ्रीमाँटचा इंजिनिअर चार महिने उबर करेल. त्याचंच ऑफिस रात्री झाडणारी, जिथे धड बस जात नाही अशा ठिकाणी राहणारी बाई तेवढ्यात नोकरी घालवून बसते. कायद्यातला हा अन्याय मला खुपतो.

‘दहा वर्षं पाठ सोडणार नाही’ हे तुम्ही ऐकलंत ते अगदी बरोबर आहे. दहा वर्षांत दुसऱ्यांदा सापडलं तर ९० दिवस ते एक वर्ष कैद, अठरा महिन्यांचा अभ्यासवर्ग, दोन वर्षं लायसन्स स्थगित. तिसऱ्यांदा किमान १२० दिवस. चौथ्यांदा ‘फेलनी’ होऊ शकते, म्हणजे गंभीर गुन्हा आणि तीन वर्षांपर्यंत कैद. पुरावा कच्चा असेल तर सरकारी वकील कधी कधी ‘वेट रेकलेस’ या सौम्य गुन्ह्यावर तडजोड करतात. शिक्षा कमी होते, पण पुढच्या वेळी मोजताना तोही पहिला गुन्हा म्हणूनच धरतात. प्रोबेशन नीट पार पडल्यावर कोर्टाकडून दोषसिद्धी रद्द करून घेता येते. नोकरीच्या दृष्टीने त्याचा उपयोग आहे, पण दहा वर्षांच्या मोजणीतून ती तरीही सुटत नाही.

या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट पुढे आहे. १९८१मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल विरुद्ध वॉटसन’ या खटल्यात ठरवलं की धोका किती आहे हे ठाऊक असूनही जो दारू पिऊन गाडी हाकतो आणि माणूस मारतो, त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवता येतो. खुनाचा, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा, ज्याला १५ वर्षं ते जन्मठेप आहे. पण आरोपीला धोका ठाऊक होता हे सिद्ध कसं करायचं? म्हणून आता डीयूआयमध्ये दोषी ठरलेल्या प्रत्येकाला कोर्ट लेखी किंवा तोंडी बजावतं : दारू पिऊन गाडी चालवणं माणसाच्या जिवाला धोक्याचं आहे, पुन्हा असं केलंत आणि कुणी मेलं तर तुमच्यावर खुनाचा खटला होऊ शकतो. पहिल्या वेळी, कुणी मेलेलं नसताना, माणसाला हे सांगून ठेवलेलं असतं. नंतर ‘मला काय कल्पना’ म्हणायला जागा उरत नाही. तुम्ही विचारता ती ‘एवढी शिक्षा’ खरं तर ही ताकीद आहे, आणि केरी लाइटनरला मारणाऱ्याला ती कुणी वेळेवर दिली नव्हती.

आपल्याकडे दंड भरला की सुटतो, या समजुतीबद्दल थोडं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घालतं, त्यांच्या मापात ०.०३. म्हणजे आकडा पाहिला तर आपला कायदा कॅलिफोर्नियाहून दुपटीपेक्षा जास्त कडक आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कागदावर हे कमी नाही. फरक नंतर पडतो. तिकडे पकडल्यापासून डीएमव्ही, कोर्ट, विमा कंपनी आणि गाडीतलं यंत्र अशी एकेक गोष्ट आपोआप मागे लागत जाते आणि वर्षानुवर्षं राहते. आपल्याकडेही हे जमवायला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही, आहे त्याच कलमाचा पाठपुरावा लागेल.

गाडीत झोपला असता तर? कॅलिफोर्नियात बहुधा वाचला असता. १९९१च्या ‘मर्सर’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘चालवणं’ म्हणजे गाडी थोडी तरी हलली पाहिजे असा अर्थ लावला. पण गाडी रस्त्याच्या मधोमध उभी, इंजिन गरम आणि माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपलेला असेल, तर ती तिथवर कुणी आणली हे पोलीस कोर्टाला पटवून देऊ शकतात. अपार्टमेंटच्या खासगी पार्किंगमध्ये गाडी हलवली तरी हा कायदा लागू होतो, हेही अनेकांना माहीत नसतं. दुसऱ्या बऱ्याच राज्यांत किल्ली हाताशी ठेवून चालकाच्या जागी बसणंच पुरेसं ठरतं. तेव्हा हा मार्ग कुणाला सुचवू नका. यजमानाच्या सोफ्यावर झोपावं किंवा टॅक्सी करावी.

पुतण्याच्या न्यू जर्सीत मर्यादा ०.०८च आहे, बाकी चौकट निराळी. तिथे हा गुन्हा फौजदारी न मानता वाहतुकीचा मानतात. खटला म्युनिसिपल कोर्टातल्या न्यायाधीशापुढे चालतो, ज्यूरी मिळत नाही. ऐकायला सौम्य वाटतं, पण वाहतुकीचा गुन्हा असल्यामुळे तो नोंदीतून पुसण्याची सोयही नाही. विस्कॉन्सिनमध्ये पहिली वेळ दिवाणी दंडावर निभावते. युटाने २०१८च्या डिसेंबरअखेर मर्यादा ०.०५वर आणली. राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतो, म्हणून कॅलिफोर्नियातल्या मित्राचा सल्ला पुतण्याने न्यू जर्सीत वापरू नये.

राहता राहिला व्हिसा. एका साध्या डीयूआयने, कुणी जखमी नसताना, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाला देशाबाहेर काढत नाहीत. २००४च्या ‘लिओकाल’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निव्वळ निष्काळजीपणावर आधारलेला डीयूआय हा ‘हिंसेचा गुन्हा’ होत नाही, आणि तिथे तर माणसं जखमीही झाली होती. मात्र २०१५पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं गेल्या पाच वर्षांतल्या डीयूआयच्या अटकेवरून पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करू शकतं. दोषी ठरण्याची वाट पाहावी लागत नाही. असं पत्र आलं तरी आय-९४ या प्रवेशनोंदीवरच्या मुदतीपर्यंत तिथे राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क एरवी टिकतो. अडचण येते ती देशाबाहेर पडल्यावर. परत जायला मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नवा व्हिसा मागावा लागतो, अर्जात अटकेबद्दल थेट प्रश्न असतो, आणि दूतावास बहुधा आपल्या नेमलेल्या डॉक्टरकडे दारूच्या व्यसनाच्या तपासणीसाठी पाठवतो. त्यात आठवडे जाऊ शकतात, आणि व्यसन आहे असं डॉक्टरला वाटलं तर त्याहून बरेच जास्त. नाताळात घरी यायचं तिकीट काढलेलं असेल तर त्याने आधी वकिलाला विचारावं. शेजारच्या कॅनडालाही सध्या जाऊ नये. २०१८च्या डिसेंबरपासून तिथे हा गुन्हा गंभीर धरतात आणि सीमेवरून परत पाठवू शकतात. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा झाल्यास एक डीयूआय माफ होण्यासारखा असतो. ठरावीक मुदतीत दोन झाले तर २०१९च्या एका निर्णयानुसार चारित्र्य चांगलं नाही असं गृहीत धरून सुरुवात होते.

अटकेची गोष्ट अर्जात लपवू नये. बोटांचे ठसे घेतलेले असतात आणि दूतावासाला ते दिसतात. खोटं उत्तर दिल्याने कायमची प्रवेशबंदी होऊ शकते, जी डीयूआयने झाली नसती.

आणि वकील दोन लागतील, एक फौजदारी आणि एक इमिग्रेशनचा. २०१०च्या ‘पडिया’ खटल्यापासून फौजदारी वकिलाने गुन्हा कबूल करण्याआधी अशिलाला इमिग्रेशनवरचे परिणाम सांगणं बंधनकारक आहे, पण अशील परदेशी नागरिक आहे हे त्याला कुणी सांगितलं तर पाहिजे. आरोपपत्रात दारूशिवाय कुठल्या अमली पदार्थाचा उल्लेख असेल, गांजासुद्धा, तर तो मुद्दा पहिल्याच भेटीत काढावा. गांजा कॅलिफोर्नियात प्रौढांना कायदेशीर असला तरी केंद्रीय इमिग्रेशन कायद्याला ते मान्य नाही, आणि त्या एका शब्दाने सगळ्या प्रकरणाचं वळण बदलतं.